सहलीचं नियोजन : हौस की काम?

('घरकामाचं मोजमाप' या विषयावर घेतलेल्या एकदिवसीय शिबिरातलं हे भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



आधी एक विचारते. सकाळी साडेनऊला आपण इथे जमलो, आता सव्वाबारा वाजलेत. तेवढ्यात घरी फोन कुणी कुणी केला? हात वर करा बघू. बऱ्याच जणी आहेत. आणि बोललात काय? भात कुकरमध्ये आहे, गॅसवाला आला तर पैसे डब्यात आहेत, धाकटीला क्लासला सोडायचं विसरू नका. म्हणजे शिबिराला आलो खऱ्या, पण घर डोक्यात घेऊनच आलो.

आधीच्या दोघींनी स्वयंपाक, पाणी भरणं, धुणीभांडी, आजारपणं यांबद्दल फार चांगलं मांडलं. मी बोलणार आहे ती या डोक्यातल्या घराबद्दल. आणि उदाहरण घेणार आहे एका सहलीचं. तीही कुठली, तर अमेरिकेतल्या डिस्नी वर्ल्डची. विषय सांगितला तेव्हा आमच्या केंद्रातल्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला चांगलंच फटकारलं. 'आपल्याकडे येणाऱ्या बाईला नवऱ्याने रात्री लेकरांसकट बाहेर काढलेलं असतं, आणि तू डिस्नीला जाणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं काय घेऊन बसतेस?' बाईंचा प्रश्न रास्त आहे. त्या इथे समोर बसल्यात, म्हणून सांगते, मी त्यावर येणार आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला मी ताई म्हणते, तुम्हीही म्हणा. तिने सांगायची परवानगी दिलीय, मात्र अट घातली की आकडे बरोबर सांग! २०२४ च्या ऑगस्टअखेर मी मावशीला सोबत म्हणून तिच्याकडे गेले. मावशीला मधुमेह आहे, गुडघ्यांनी जेरीस आलीय, एकटीने एवढा प्रवास झेपला नसता. अडीच महिने राहिले. त्या अडीच महिन्यांत गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरात डिस्नीची सहल झाली. न्यू जर्सीतल्या शिक्षकांचं अधिवेशन नोव्हेंबरच्या सुरुवातीला असतं, शाळांना सुट्टी मिळते, आणि त्या राज्यातली निम्मी कुटुंबं त्याच आठवड्यात फ्लोरिडाला धावतात की काय असं वाटण्याइतकी गर्दी तिथे होते. तिथल्या लोकांनी त्या आठवड्याला नावच पाडलंय, जर्सी वीक.

तर ७ सप्टेंबर. गणेशचतुर्थी, शनिवार. पहाटे साडेपाचला मी उठले, म्हटलं ताईला उकडीला मदत करावी. स्वयंपाकघरात पिठी मोजून ठेवलेली, नारळ खवलेला, आणि ताई आंघोळ करून, साडी नेसून, ओट्यापाशी संगणक उघडून बसलेली. शेजारी फोन, तोही उघडा. मला वाटलं आरती शोधतेय. ती खाणावळीचं टेबल शोधत होती! डिस्नीच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी तिथल्या जेवणाची टेबलं राखता येतात. सहा नोव्हेंबरला पोचायचं, त्याच्या साठ दिवस आधीची तारीख नेमकी चतुर्थीला आली होती. आणि सकाळी सहाच्या सुमारास खिडकी उघडली की हवीशी टेबलं बघता बघता संपतात. तिने चार दिवसांची टेबलं राखली, मग उकड काढली. साडेनऊला भावोजी सोवळं नेसून पूजेला बसले. मोदक उत्तम झाले होते.

ही व्यवस्था कशी बदलत गेली ते आपण पाहिलं पाहिजे. डिस्नी वर्ल्ड ऑरलँडोजवळ १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. आज तिथे चार वेगवेगळी उद्यानं आहेत, सगळा परिसर शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. पूर्वी तिथे साधी रांग असायची. आला तो उभा राहिला. आई, बाप, पोरं, आजी सगळे सारखेच ताटकळत. १९९९ साली फास्टपास नावाची कागदी चिठ्ठी आली. राईडपाशी यंत्रातून ती घ्यायची आणि तिच्यावर छापलेल्या वेळेला परत यायचं. फुकट होती. २०१३-१४ च्या सुमारास तीच चिठ्ठी संगणकावर, घरी बसून, कित्येक आठवडे आधी घेता येऊ लागली. २०२० च्या साथीत ते बंद पडलं, २०२१ साली पैसे मोजून घ्यायची पद्धत आली, आणि जुलै २०२४ मध्ये तिचेही नियम पालटले. तिथल्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी सात दिवस आधी, बाकीच्यांनी तीन दिवस आधी, सकाळी सातला बसायचं आणि एका उद्यानातल्या तीन राईडच्या वेळा राखायच्या. एक वापरली की पुढची घ्यायची, म्हणजे दिवसभर हातात फोन. रांग कमी झाली म्हणतात. माझ्या मते ती तिथून उठून घरात आली. पूर्वी सगळं कुटुंब उन्हात तासभर उभं राहायचं, आता दोन महिने आधीपासून एकटी आई ओट्यापाशी उभी असते. कंपनीला जे काम पगार देऊन माणसं ठेवून करावं लागलं असतं, ते घराघरातल्या बायका फुकट करतात आणि वर पैसेही भरतात.

ताईची एक्सेलची फाइल मी पाहिली. चौदा रकाने होते. दिवस, वेळ, कुठे, कसं जायचं, कोण बसणार, उंचीची अट, उन्हात की सावलीत, जवळचं स्वच्छतागृह, मावशीच्या इन्सुलिनची वेळ, मावशीला चालेल असं शाकाहारी काय मिळेल, पाऊस आला तर काय. तिथवर मी कौतुकाने वाचत होते. शेवटच्या रकान्याला तिने नाव दिलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं: 'इथे हे कंटाळतील, कॉफी.' 'मोठी रुसेल, आधी तिची राईड.' 'आईला एकटं वाटेल, अर्धा तास तिच्याजवळ.' सहा माणसांच्या चार दिवसांच्या मनःस्थितीचा अंदाज तिने मांडून ठेवला होता. त्यात मीही होते. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'ही काही मागणार नाही, विचारायचं.' तिच्या स्वतःच्या नावाची ओळ मला कुठे सापडली नाही.

धाकटा तेव्हा पाच वर्षांचा होता. त्याला स्पेस माउंटनमध्ये बसायचं होतं. त्यासाठी ४४ इंच उंची लागते. ताई दर रविवारी त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून पेन्सिलीची खूण करायची. सप्टेंबरात साडेत्रेचाळीस. ऑक्टोबरात अजून थोडं. ती खूण पाहून भावोजी मित्रांना सांगायचे, 'आमच्याकडे नासा चालतं!' सगळे हसायचे, ताईही हसायची. प्रेमाने बोलायचे ते, वाईट माणूस नाही. पण दोन महिन्यांत मी हा विनोद सात-आठदा तरी ऐकला असेल, आणि 'आज मी काय करू?' हे वाक्य एकदाही ऐकलं नाही. ताई कधी चिडलीच तर उत्तर ठरलेलं: 'अगं, मग सांगायचंस ना, मी केलं असतं.'

हे उत्तर तुमच्याही घरात असेल. फ्रान्समध्येही आहे. एमा नावाच्या फ्रेंच चित्रकर्तीने २०१७ साली याच वाक्यावर एक चित्रकथा काढली, ती जगभर फिरली. तिचं म्हणणं साधं आहे: सांगायला लागणं हेच काम आहे. जो 'सांग, मी करतो' म्हणतो, तो हाताखालचा माणूस झाला आणि बायको मुकादम झाली. मुकादमाला निदान मुकादमीचा पगार असतो.

आणखी एक अभ्यास सांगते, कारण गटात चर्चेला तो उपयोगी पडेल. ॲलिसन डॅमिंजर या संशोधिकेने २०१९ साली अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून डोक्यातल्या कामाचे चार तुकडे पाडले. गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग झालं की नाही यावर नजर ठेवणं. तिला असं दिसलं की पहिला आणि शेवटचा तुकडा प्रामुख्याने बायकांकडे असतो. निर्णय मात्र दोघं मिळून घेतात. म्हणजे जिथे अधिकार आहे, तिथे नवरा हजर! ताईच्या घरी तंतोतंत हेच होतं. हॉटेल कुठलं, किती खर्चाचं, हे भावोजींनी एका संध्याकाळी तिने पुढे ठेवलेल्या तीन पर्यायांतून ठरवलं. ते तीन पर्याय निवडायला तिला तीन आठवडे लागले होते. भावोजी आजही म्हणतात, 'सगळं आम्ही दोघं मिळून ठरवतो.' खोटं नाही ते.

आपल्याकडच्या मोजणीत हे काम कुठे येतं? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषाचे ९७. आणि असं काहीही करणारे पुरुष मुळात चारांत जेमतेम एक. हे आकडे आपण मोर्चात, निवेदनात वापरतो, वापरलेच पाहिजेत. पण पाहणीची पद्धत अशी की दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण करायचे आणि त्या खणात काय केलं ते विचारायचं. घराचं व्यवस्थापन हा प्रकार वर्गीकरणात आहे, नाही असं नाही. पण भांडी घासताना जी बाई उद्याचा डबा, परवाची फी आणि रविवारचे पाहुणे यांची जुळणी करत असते, ती त्या खणात सांगते काय? 'भांडी.' कारण तिलाही ते काम वाटत नाही. आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८९ साली नोकरदार बायकांच्या घरकामाला दुसरी पाळी म्हटलं, ते नाव आपल्या चळवळीतही रुजलं. पण पाळीला भोंगा असतो, सुरू होते आणि सुटते. हे डोक्यातलं काम सुटत नाही, कारण ते कधी सुरू झालं तेच आठवत नाही.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येते. आमच्या केंद्रात येणारी एक बाई आहे, चार घरी स्वयंपाक करते. वस्तीत पाणी पहाटे येतं, तासभर. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून दोनदा खेटे घालावे लागतात, ते कुठल्या दिवशी घालायचे हे तिला चार घरांच्या सुट्ट्या बघून ठरवावं लागतं. माहेर-सासर दोन्ही कोकणात. गणपतीला गावी जायचं तर रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. हा बदल मला तिने सांगितला, मी पेपरात नंतर वाचला. मला साठ दिवस म्हटल्यावर ताईचीच आठवण झाली. बटण नवरा दाबतो, किंवा रांगेत दीर जातो. तारीख ही लक्षात ठेवते. ताईची तारीख चुकली असती तर पोरगं रुसलं असतं. हिची चुकली तर दोन पोरं घेऊन दाराशी बसून रात्रभराचा प्रवास. दोघींत फरक आहेच, आणि तो मला पुसायचा नाही. पण काम एकाच जातीचं आहे.

आणि केंद्रात आम्ही नोंद घेतो, त्यात 'भांडणाचं कारण' म्हणून एक रकाना असतो. दारू, संशय, पैसा हे तर असतंच. पण जुन्या नोंदी पुन्हा वाचताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टींकडे गेलं. डबा वेळेवर दिला नाही. सासूच्या गोळ्या संपल्या ते सांगितलं नाही. इस्त्रीचा शर्ट आणायचा राहिला. मारहाणीची ही कारणं नव्हेत, निमित्तं आहेत, हे आपण सगळ्या जाणतो. तरी निमित्त हेच का सापडतं? सगळं लक्षात ठेवणं बाईच्या अंगावर एकदा ठरून गेलं की विसरणं हा तिचा गुन्हा होतो, आणि गुन्ह्याला शिक्षा देणारा घरात तयारच असतो. ताईच्या घरी ती शिक्षा विनोदाची आहे, इथे कानफटात आहे. बाई, म्हणून मी हा विषय घेतला.

सहलीचं पुढे काय झालं ते सांगते. पहिल्या दिवशी स्पेस माउंटनच्या दाराशी मापाची काठी होती. पोराची उंची भरली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आतला अंधार पाहून पोरगं म्हणालं, 'मला नको.' दोन महिने मोजलेली उंची, राखलेली वेळ, सगळं तिथे उभं. त्या क्षणी आम्ही चौघांनी, मावशी, भावोजी, मोठी आणि मी, एकाच वेळी ताईकडे पाहिलं. म्हणजे आता हिने काहीतरी करावं. अशा वेळी मुलाजवळ एकाने थांबायचं, बाकीच्यांनी जाऊन यायचं आणि मग थांबलेल्याने जायचं, अशी सोय तिथे आहे. ताई थांबली. आम्ही जाऊन आलो. तिची पाळी यायच्या आत पुढची राखलेली वेळ झाली होती, म्हणून ती गेलीच नाही.

रात्री मी, एमएसडब्ल्यू झालेली बाई, तिला म्हटलं, 'ताई, एक दिवस सोडून दे. परवाचा दिवस भावोजींना दे.' तिने दिला. भावोजींनी काही ठरवलं नाही, सरळ निघाले. पोरं खूष, पिझ्झा खाल्ला, कारंज्यात भिजली. मलाही तो दिवस फार आवडला, खरं सांगते. साडेतीनला मावशीला घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर उतरली होती, जेवणाची वेळ कुणी पाळली नव्हती. भावोजी घाबरले, मी पिशवी चाचपली, माझ्याकडे काही नाही. ताईने ओढणीच्या आड लावलेल्या छोट्या पिशवीतून रसाचं डबकं आणि बिस्किटं काढली. तिने काही सोडलंच नव्हतं. फक्त बोलायचं बंद केलं होतं. आणि मला लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. मावशीची सोबत म्हणून मी गेले होते ना? अडीच महिने तिच्या इन्सुलिनची वेळ माझ्या डोक्यात एकदाही नव्हती. ताई आहे म्हटल्यावर मीही भावोजीच झाले होते.

परतताना विमानतळावर मी विचारलं, एवढं काटेकोर कशाला करतेस? ती म्हणाली, 'माझ्या हातात एवढंच आहे गं.' ताई २०१० साली तिकडे गेली. त्याआधी पुण्यात एका कंपनीत चौदा माणसांचं काम तिच्या हाताखाली चालायचं. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बायकांना तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. मे २०१५ पासून काहींना मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलं असेल तरच. ताईची परवानगी येईपर्यंत मोठी शाळेत जाऊ लागली होती आणि धाकट्याची चाहूल लागली होती. आता एका दवाखान्यात अर्धवेळ हिशेब बघते. चौदा माणसांचं वेळापत्रक लावणारं डोकं रिकामं थोडंच बसणार! ते चौदा रकान्यांत गेलं. त्याला आपण हौस म्हणतो, कुणी वेड म्हणतं. तिने हे काम अर्धं सोडावं असं मला वाटतं, पण त्या बदल्यात तिच्या हातात काय देणार, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता आणि मी मात्र शहाणपणा शिकवून मोकळी झाले होते.

यंदा ते सगळे इकडे येणार आहेत. फाइल मला आलीय. पंधरावा रकाना वाढलाय, त्याचं नाव 'कोण'. भावोजींचं नाव तीन ओळींवर आहे. त्यातली एक मावशीच्या औषधांची. ते काम झालं की त्यांनी खूण करायची असं ठरलंय. काल रात्रीपर्यंत खूण नव्हती. ताई म्हणाली, मी आठवण करणार नाही. मी विचारलं, आणि राहिलं तर? ती गप्प बसली. आईच्या औषधावर ही परीक्षा घ्यायची का, हे तिला ठरवता येत नव्हतं, मलाही येत नाही. तुमच्यापैकी कुणी असं करून पाहिलं असेल तर दुपारी गटात सांगा, चुकलेलं असेल तरी सांगा.

दुपारच्या गटासाठी कागद वाटलेत. मागच्या वेळी घर सोडून कुठेही गेलात, लग्नाला, गावी, यात्रेला, तर निघण्याआधीच्या आठ दिवसांत डोक्यात काय काय होतं ते आठवेल तसं लिहा. सुबक यादी नको. 'कोण' हा रकाना सगळ्यांनी घालायचा.

आणि एक राहिलं. आजच्या जेवणाचा शिधा कुणी लावला, पत्रावळी कुणी सांगितल्या, पथ्याचं जेवण किती जणींना हे फोन करकरून कुणी विचारलं, माहीत आहे का? सकाळपासून ती एकदाही या सभागृहात बसलेली नाही. विषय घरकामाचं मोजमाप, आणि ती आत भाताकडे बघतेय. कुणीतरी दोघी जा, तिला बाहेर पाठवा आणि वाढायचं तुम्ही बघा. काय कुठे ठेवलंय ते तिला विचारू नका, शोधा.